हौदा, हुंडेकरी, हायवा : सोलापूरच्या वाटेवरची ट्रकबोली

लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांची बोली आली कुठून, असं विचारलं की बहुतेकांकडून एकच उत्तर मिळतं : पोलिसांना कळू नये म्हणून. दुसरं उत्तर त्याहून सोपं : शिकलेले नसतात, इंग्रजी शब्द मोडून बोलतात. दोन्ही उत्तरांत थोडंफार तथ्य आहे. पण या बोलीचा मोठा भाग दोन्हींत बसत नाही, आणि हे पडताळून बघायला सोलापूरइतकं सोयीचं गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पुण्याहून हैदराबादला जाणारा रस्ता सोलापुरातून जातो. धुळे, बीड, तुळजापूरकडून आलेला रस्ता इथूनच विजापूर-हुबळीकडं उतरतो. एक वाट पंढरपूर-मिरजेवरून कोकणाकडं वळते. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे, विजापूर शंभर. कांदा, साखर, सिमेंट, चादरी-टॉवेल, डाळिंब असा माल इथून निघतो. गावात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि दखनी घराघरांत बोलल्या जातात, म्हणजे इथला ड्रायव्हर गाडीला चावी लावण्याआधीच दोन-तीन भाषांत वावरलेला असतो. ‘काय करूलालास बे?’ असं गल्लीत विचारणारा पोरगा हैदराबाद लाईनवर ‘नक्को’ आणि ‘हौ’ सहज बोलतो, आणि त्याला ते परकं वाटत नाही. वाटायचं कारणही नाही, कारण दखनीनं ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’वरूनच घेतलेला आहे.

आधी त्या गुप्ततेच्या उत्तराकडं बघू. ते मुख्यतः अमेरिकेच्या उदाहरणावरून आलेलं आहे. तिथं १९७३च्या तेलसंकटानंतर १९७४मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा देशभर लागू झाली. खेपेवर पोट असलेल्या ट्रकवाल्यांनी केबिनमधल्या सिटिझन्स बँड रेडिओवरून एकमेकांना पोलीस कुठं दबा धरून आहेत ते कळवायला सुरुवात केली. राज्य पोलिसांची टोपी वणवाविरोधी जाहिरातीतल्या स्मोकी अस्वलासारखी दिसायची, म्हणून पोलीस झाला ‘स्मोकी’. होकारासाठीचं ‘टेन-फोर’ तर मुळात पोलिसांच्याच बिनतारी संकेतांतून उचललेलं. १९७५मध्ये ‘कॉन्व्हॉय’ नावाचं गाणं आलं, त्यावरून पुढं चित्रपट निघाला आणि ही बोली घरोघरी पोचली. पण ती वाढली ती रेडिओमुळं. अनोळखी माणसांना एकाच वेळी बोलता-ऐकता येणारं साधन हाताशी होतं, म्हणून सांकेतिक शब्दांची गरजही पडली आणि त्यांचा प्रसारही झाला. आपल्याकडच्या ट्रकमध्ये असा रेडिओ कधी रुजलाच नाही. समोरच्या गाडीला सावध करायचं तर दिव्याची उघडझाप पुरे. तिथं शब्द लागतच नाही.

खरी गुप्त व्यवहारभाषा कशी असते, हे मराठीला चांगलं ठाऊक आहे. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत तीनला उधानू, चारला पोकू, पाचला मुळू म्हणत. गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत होती. समोर उभ्या गिऱ्हाइकाला काही कळता कामा नये, हाच तिचा उद्देश, म्हणून तिचे आकडेच वेगळे. ट्रकवाल्यांकडं असे वेगळे आकडे नाहीत. गाडीभाड्याचा आकडा ते फोनवर सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलतात. त्यांचे बहुतेक शब्द लपवायला घडलेले नाहीत. काम उरकायला घडलेले आहेत.

सोलापुरातल्या कुठल्याही ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दुपारी तासभर बसलं की अशा वळणाचं वाक्य कानावर पडतंच : ‘मालक, हौदा खाली केला, पोहोच घेतली, वाराईचे वेगळे गेले. हॉल्टिंग लावा, आन् रिटर्न भाडं नसंल तर खालीच येतो.’ एका दमात बोललेलं हे वाक्य जरा सोडवून बघण्यासारखं आहे.

‘हौदा’ म्हणजे ट्रकचा माल भरायचा भाग. हत्तीच्या पाठीवरच्या बैठकीला हौदा म्हणत, तो शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला. पण भिंती उभ्या केलेला ट्रकचा मागचा भाग पाण्याच्या हौदासारखाही दिसतो, आणि ‘हौद’ हा अरबीतूनच आलेला वेगळा शब्द. ट्रकच्या हौद्यात या दोन्ही शब्दांची ओढ मिसळली असावी, असं मला वाटतं. त्याची मागची झडप म्हणजे ‘फाळका’, हा फळीच्या कुळातला देशी शब्द. ‘खाली’ म्हणजे रिकामा, हाही अरबी मुळाचा. ‘गाडी खाली येते’ हे वाक्य नवख्या मराठी कानाला उतारावरून येणारी गाडी दाखवतं. धंद्यातल्या माणसाला मात्र त्यात डिझेलचा तोटा ऐकू येतो. ‘पोहोच’ म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती. ती हातात पडल्याशिवाय उरलेलं भाडं सुटत नाही, म्हणून ड्रायव्हर ती सीटखाली न ठेवता खिशात ठेवतो. ‘हॉल्टिंग’ म्हणजे माल उतरायला उशीर झाल्याबद्दल मिळायचे खोटीचे पैसे. यातला एकही शब्द कुणापासून काही लपवत नाही. या सगळ्या वाक्यात इंग्रजी म्हणावेत असे शब्द दोनच, ‘हॉल्टिंग’ आणि ‘रिटर्न’, आणि तेही कुठं मोडलेले नाहीत.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. वाहन बदललं, पण वाहतुकीचा सौदा फारसा बदलला नाही. म्हणून वाहनाचे शब्द नवे आले आणि सौद्याचे जुनेच राहिले. बैलगाडीची धाव, तुंबा, साटी, जू हे शब्द ट्रकपर्यंत पोचले नाहीत, कारण ते भागच उरले नाहीत. पण भाडं, खेप, हमाली, दलाली, उचल हे शब्द जसेच्या तसे चालत आले. आणि ‘गाडी’ तर बैलगाडीपासून आगगाडीपर्यंत आणि तिथून सोळा टायरीपर्यंत सगळ्यांची झाली. तेलुगूत ‘बंडी’ या शब्दाचं हेच झालं. विदर्भात बंडी म्हणजे बैलगाडी, हैदराबादेत बंडी म्हणजे कुठलंही वाहन. ‘खटारा’ मात्र घसरला. एके काळी माल वाहणारी ती साधी गाडी होती, आज मोडकळीला आलेल्या वाहनाचं ते नाव आहे.

जुन्या वाहतुकीची सर्वांत मोठी खूण म्हणजे ‘हुंडेकरी’. आज तरुणांना हे फक्त आडनाव वाटतं. सोलापूर, बार्शी, नगर या बाजारपेठांत मात्र मालाची ने-आण अंगावर घेणाऱ्यांना हुंडेकरी म्हणत आले आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि सुधारलेली १८५७ची. त्या कोशाच्या काळातलं ‘हुंडाभाडं’ म्हणजे वाटेतल्या जकातीसकट एकरकमी ठरवलेली वाहतूक. मालधन्यानं एक आकडा द्यायचा, मधले नाके, पावत्या, खर्च सगळं वाहणाऱ्यानं बघायचं. आज ‘टोल धरून’ किंवा ‘सगळं आत’ असं जे भाडं ठरतं, ते हेच. नाव गेलं तरी रीत टिकली. हुंडेकऱ्याच्याही आधी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी लादून मीठ आणि धान्य या पठारावर फिरवत होते. १८०३च्या मराठ्यांविरुद्धच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या फौजेचं धान्यही बंजाऱ्यांच्याच बैलांवर अवलंबून होतं. सोलापूरला लागून असलेल्या मुळेगाव तांड्याच्या नावात त्या काळाची आठवण शिल्लक आहे, आणि आज त्याच हैदराबाद रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागतात.

१८६०मध्ये सोलापूरला रेल्वे आली. लांबचा माल रुळांवर गेला, बैलगाडीकडं स्टेशनापासून पेठेपर्यंतचा पल्ला राहिला. माल वेळेत उचलला नाही तर पडणारं ‘डेमरेज’, मालधक्का, पार्सल, बिल्टी हे शब्द या टप्प्यावर बाजाराच्या तोंडी बसले. त्यातलं डेमरेज मुळात जहाजांच्या धंद्यातलं. जहाजांकडूनच आलेला आणखी एक शब्द म्हणजे ‘खलासी’. उत्तरेकडच्या ट्रकवर ड्रायव्हरच्या हाताखालच्या पोराला आजही खलासी म्हणतात, आणि तो शब्द जहाजावरच्या हिंदी खलाशांचा. त्या खलाशांची भाषा इतकी मिश्र आणि इतकी कामाची होती, की थॉमस रोबक नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८११मध्ये कलकत्त्यात तिचा कोशच छापला. समुद्रावर ज्याची दोनशे वर्षांपूर्वी नोंद झाली, त्याची डांबरी रस्त्यावर आजवर तशी नोंद झाली नाही, ही खंत मनात राहते.

आपल्याकडं खलासी फारसा चालला नाही. मराठीत तो ‘क्लीनर’चा ‘किन्नर’ झाला. आज किन्नर शब्दाला वेगळाच अर्थ रूढ झाल्यामुळं शहरी वाचक गोंधळतो, पण गावाकडं ‘ड्रायव्हर-किन्नर’ ही जोडी एका श्वासात म्हटली जाते. त्या जोडीतलं नातं सांगणारा शब्द ‘वस्ताद’, आणि तो थेट तालमीतून आला. वस्तादाचं पाणी भरायचं, गाडी धुवायची, ताडपत्री ओढून दोर आवळायचे, चाक बदलायचं, आणि असं दोन-चार वर्षं केल्यावर मोकळ्या रस्त्यावर कधीतरी स्टिअरिंग हातात मिळायचं. ड्रायव्हिंगची शाळा हीच होती आणि भाषेचीही हीच. गाडी मागं घेताना फाळक्यापाशी उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे, डावी काट, बस्स’ असं ओरडणारा पोरगा एकेक शब्द अंगात मुरवत असतो.

यंत्राचे शब्द मात्र इंग्रजीतून आले, आणि इथं ‘मोडकं इंग्रजी’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबून बघावं. नुसता उच्चार बदलला असं झालेलं नाही. कंपनीचं नाव उचलून त्याची जात केलेली आहे. जादा चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४मध्ये असं चाक तयार केलं, त्या रस्त्याचं नाव चाकाला मिळालं. इंग्लंडमध्ये हा शब्द कधीच मागं पडला, आपल्याकडं तो गावागावांतल्या पंक्चरवाल्याच्या पाटीवर जिवंत आहे. ‘टेंपो’ हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. १९५८मध्ये बजाज टेंपो ही कंपनी सुरू झाली, आणि पुढं मध्यम आकाराचं कुठलंही मालवाहू वाहन टेंपो झालं. ‘हायवा’ ही नेदरलँड्समधली हायड्रॉलिक यंत्रणा बनवणारी कंपनी. भीमेच्या पात्रातली वाळू आणि रस्त्याची खडी वाहणाऱ्या टिपर ट्रकला सोलापूरच्या वर्तमानपत्रांत सर्रास हायवा म्हणतात, गाडी कुठल्याही कंपनीची असो. उलट २००५मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ केलं. जिथं जुना शब्द नेमका बसला तिथं तो ठेवलाही. स्प्रिंगच्या पट्ट्यांना कमान आणि पाटा, तेलाला वंगण, झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला गोटा. ‘चारी टायर गोटे झाल्यात’ हे ऐकल्यावर आणखी काही विचारावं लागत नाही.

गाड्यांची ओळखही आकड्यांवर चालते. तेराची म्हणजे एमएच १३, सोलापूर पासिंगची. बाराची पुण्याची, पंचवीसची धाराशिवची, केए अठ्ठावीस विजापूरची. परमुलखात बंद पडलेली गाडी तेराची दिसली की सोलापूरचा ड्रायव्हर थांबतो. या ओळखीची किंमत रात्री दोन वाजता कर्नाटकातल्या घाटात कळते.

आता रस्त्यावरच्या अंमलाचे शब्द. ‘पोलिसांना कळू नये म्हणून’ हे उत्तर थोडंफार खरं ठरतं ते इथंच. वाहतूक पोलीस म्हणजे ‘मामा’, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक. ‘एंट्री’ म्हणजे हद्दीतून सुखरूप जाण्यासाठी हातावर ठेवायची रक्कम. चिरीमिरी, सेटिंग, हप्ता हे त्याचेच भाऊबंद. पण हे शब्दही समोरच्याला माहीत असतात. किंबहुना तो स्वतः तेच वापरतो. त्यांचं काम लाच लपवणं एवढंच नसून तिला साध्या खर्चासारखं दाखवणं हे आहे, आणि म्हणूनच हे शब्द मला निरुपद्रवी वाटत नाहीत. ज्या हिशेबवहीत ‘डिझेल, टोल, एंट्री’ असं ओळीनं लिहिलं जातं, तिथं अन्याय खात्यावर चढून नियमित झालेला असतो.

‘वाराई’चंही तसंच. माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीपैकी जो वाटा ट्रकवाल्याकडून घेतला जातो, तो वाराई. महाराष्ट्रात हमालांना संरक्षण देणारा माथाडी कायदा १९६९मध्ये झाला आणि तो गरजेचाच होता. तरी मजुरी मालधन्यानं द्यायची की गाडीवाल्यानं, हा वाद चालूच राहिला. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच निघाली. माझ्या मते या बोलीनं दिलेलं हे सर्वांत नेमकं वाक्य आहे. अख्खं गाऱ्हाणं त्यात चार शब्दांत मावलं आहे. उसाच्या हंगामात असाच एक शब्द गाजतो, ‘काटामारी’. तीसपेक्षा जास्त साखर कारखाने असलेल्या या जिल्ह्यात वजनकाट्यावर ऊस कमी भरला की त्याला नाव ठेवायला शेतकऱ्याला आणि ड्रायव्हरला कोश उघडावा लागत नाही.

या बोलीत एक ओंगळ भागही आहे, आणि आढावा म्हटल्यावर तो गाळता येत नाही. स्टेपनी हा शब्द घराबाहेरच्या बाईसाठीही वापरतात. ढाब्यामागच्या व्यवहाराला आडवळणाची नावं आहेत. महिनोन्महिने घराबाहेर राहणाऱ्या पुरुषांच्या कामातून ही भाषा आली हे खरं, पण त्यामुळं ती बाईच्या बाबतीत कमी क्रूर ठरत नाही. एका शब्दाचा मात्र कुणीतरी चांगला उपयोग केला. ट्रकच्या मागं लिहिलेल्या ‘यूज डिपर ॲट नाइट’मधला डिपर उचलून २०१६मध्ये टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशननं ट्रकचालकांसाठी ‘डिपर’ नावाचा कंडोम काढला. आरोग्याचा संदेश चालकांच्याच शब्दात पोचवला, हे महत्त्वाचं.

मागच्या पाटीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’चं मूळ कुणालाच नक्की सांगता आलेलं नाही. युद्धकाळात रॉकेलवर चालणाऱ्या गाड्यांवर ‘ऑन केरोसीन’ लिहीत, त्याचं ओके उरलं, असं काही जण म्हणतात. टाटांच्या ओके साबणाची ती जाहिरात होती, असं इतर काही. दोन्ही गोष्टी रंजक आहेत, दोन्हींना पक्का पुरावा नाही. पक्कं आहे ते इतकंच, की विनाकारण हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्यानं २०१५मध्ये ही अक्षरं लिहायला बंदी केली. अजूनही ती ठिकठिकाणी दिसतात, शेजारी ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’सुद्धा असतं.

ही बोली राज्याराज्यांच्या सीमा ओलांडून एकसारखी कधी झाली, याला एक तारीख देता येते. १९७५मध्ये नॅशनल परमिटची योजना आली. त्याआधी बहुतेक ट्रक आपापल्या भागात फिरत आणि शब्दही त्या त्या भागाचे राहत. परमिटनंतर सोलापूरचा ड्रायव्हर चेन्नईला, इंदूरला, लुधियान्याला जाऊ लागला, आणि फाळणीनंतर या धंद्यात जम बसवलेल्या पंजाबी चालकांबरोबर एकाच ढाब्याच्या खाटेवर बसू लागला. ‘लाईन’, ‘एनपी’, ‘रिटर्न’, ‘पासिंग’ हे शब्द देशभर एकाच अर्थानं चालतात ते त्यामुळं. वाराई, पोहोच, फाळका मात्र मराठी मुलखातच राहिले.

आता हे सगळं झपाट्यानं पालटतं आहे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके गेले, २०१८मध्ये ई-वे बिल आलं, फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावर थांबणं घटलं, तिथली बोलाचालीही घटली. भाडं व्हॉट्सॲपच्या गटावर येतं. खर्च वाचवायला अनेक मालक किन्नर ठेवत नाहीत, म्हणजे ज्याच्या कानावर ही भाषा पडत होती तो शिकाऊच केबिनमधून गेला. २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस अंशांत इंजिनाच्या उष्णतेवर बसणाऱ्या माणसाला ती कधीच मिळायला हवी होती, तिच्याबद्दल कुरकुर करायचं कारण नाही. फक्त बंद काचेतून ‘डावी काट’ ऐकू येणार नाही, तिथं मागचा कॅमेरा असेल.

मराठीच्या नोंदी करणारे कमी नाहीत. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३मध्ये निघाला. डेक्कन कॉलेजनं मराठी बोलींचं जिल्हावार सर्वेक्षण चालवलं आहे. पण या कामांचा भर गाव, प्रदेश आणि समाज यांवर आहे. रस्त्यावर राहणाऱ्या धंद्याला गाव नसतं, म्हणून त्याची भाषा निसटते. सोलापूरला २००४पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. तिथल्या भाषा विभागांतल्या विद्यार्थ्यांनी एक हिवाळा मार्केट यार्डात घालवावा. डिसेंबर-जानेवारीत कांद्याचे शेकडो ट्रक तिथं उभे असतात, आणि माल भरेपर्यंत ड्रायव्हरला वेळच वेळ असतो. साठी ओलांडलेल्या वस्तादांकडून सुरुवात करावी, हिशेबाच्या जुन्या वह्या मागून बघाव्यात, शब्दाबरोबर तो कुठल्या लाईनवर ऐकला तेही लिहावं, आणि शिव्या गाळू नयेत. हे काम येत्या पाच-दहा वर्षांतच होण्यासारखं आहे.